बिननावाच्या वडाची पानं

१

यिन-ताई कधी घाई करत नाहीत. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा त्या सावकाश चालत माझ्या दुकानात आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "हुई, शटर ओढ, हे गेले." त्यामुळे बुधवारी सकाळी सहा वाजता त्या अनवाणी रस्ता ओलांडताना दिसल्या, तेव्हा मी शटरचं कुलूप तसंच सोडून बाहेर आले.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला घराकडे ओढत नेलं. त्यांच्या दारावर पाचव्या महिन्यातल्या पंचमीच्या सणाची जुडी अजून लटकत होती. वड, वेखंड आणि रानदवणा, वर लाल कागद. वाळून कडक झालेली ती जुडी माझ्या केसांत अडकली, मी ती सोडवली आणि घरातून मागच्या बागेत आले.

बागेच्या मधोमध दगडी ओट्यावर यिन-ताईंच्या नवऱ्याचा, शू-कनभाऊंचा, बोन्साय वड असतो. हातभर उंचीचा, पण बुंधा असा की बघणाऱ्याला तो गावाच्या वेशीवरचा शंभर वर्षांचा वड वाटावा. आणि पानं नखाएवढी. त्या पानांसाठी ताइपेहून माणसं येतात, जपानहून येतात, आणि आमच्या गल्लीची छाती फुगते. माझी तर सगळ्यांत जास्त, कारण त्या वडाच्या फांद्या वळवायला लागलेली तार न् तार माझ्या दुकानातली आहे.

त्या सकाळी त्या वडावर एकही पान नव्हतं.

फांदी मोडलेली नव्हती, कुंडी हललेली नव्हती, शेजारच्या दोनशे कुंड्यांना कुणी बोट लावलेलं नव्हतं. फक्त दोन हजार पानं कुणीतरी कात्रीने उतरवून नेली होती.

"एक वाजता डॉक्टरबाई येणार," यिन-ताई म्हणाल्या. एवढंच. मग त्या ओट्यावर बसल्या.

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शू-कनभाऊंना आमच्या भूमिदेवाच्या देवळामागच्या जुन्या वडावर एकच डहाळी अशी दिसली, जिची पानं बाकीच्या झाडापेक्षा वेगळी आणि इवलीशी होती. त्यांनी तिथेच गुटी कलम बांधलं, मुळं फुटल्यावर डहाळी उतरवली आणि तिला वाढवलं. नाव मात्र दिलं नाही. म्हणायचे, मला सापडलं म्हणून मी बारसं करायचं नसतं, बाहेरच्या कुणीतरी मोजून सांगू दे की हे नवीन आहे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा यिन-ताईंनी अर्ज केला. ताइचुंगच्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर वेई येऊन पानं मोजणार, ओळखीच्या सगळ्या बारीक पानांच्या जातींशी ताडून बघणार, आणि हा वड खरोखर निराळा ठरला तर त्याला नाव मिळणार होतं: शू-कन.

आणि दहा दिवसांपूर्वी बागायतदारांच्या बैठकीत हुंग-शेठ उठून म्हणाले होते की कसली नवीन जात न् काय. वर्षातून दोनदा पानं उतरवली की कुठल्याही वडाला बारीक पानं येतात. शू-कनचा वड साधा आहे, पानं कात्रीने बारीक केलेली आहेत.

म्हणजे मेलेला माणूस हयातभर गावाला फसवत होता, असंच ना?

२

मी लो हुई-चिन. तेहतीस वर्षं तैवानमधल्या त्येनवेईत बोन्सायची तार, कात्र्या आणि कुंड्या विकते. मला कुणी गुप्तहेर म्हणत नाही, पण कोण कुठल्या जाडीची तार नेतो यावरून कुणाच्या बागेत काय शिजतंय ते मला घरबसल्या कळतं. फुशारकी नाही, खरं आहे ते सांगतेय.

सातपर्यंत गल्लीभर बातमी झाली आणि आठपर्यंत निकालही लागला. म्हातारी घाबरली, तिनेच रात्रीतून पानं उतरवली, मोजायला पानच नको म्हणून. बाजारातल्या बायका माझ्यासमोर हे बोलल्या तेव्हा मी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

यिन-ताईंनी केलेलं नाही हे मला एका नजरेत कळलं होतं. त्यांचे हात सहा वर्षांपासून थरथरतात, चहाचा पेला त्या दोन्ही हातांनी धरतात. आणि या वडाचं प्रत्येक पान देठाच्या बरोबर मध्यावर कापलेलं होतं. अर्धा देठ झाडावर ठेवायचा, म्हणजे बेचक्यातला कोंबाचा डोळा दुखावत नाही. दोन हजार देठ आणि एकही कमीजास्त नाही. माझ्या दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं असं कापू शकणार नाहीत.

मी गुडघे टेकून बघत राहिले. वडाला कापलं की दुधासारखा चीक येतो. इथे प्रत्येक देठाच्या टोकावर तो वाळून तपकिरी झाला होता. बुंध्यावर मात्र चिकाचा एक थेंब ओघळलेला नव्हता. कापणाऱ्याने मधूनमधून पाण्याचा फवारा मारून साल धुतली होती. ज्याला झाडाचं वाईट करायचंय तो साल कशाला धुवेल?

मग मागच्या बाजूला, शेंड्याच्या थोडं खाली, मला एक विचित्र गोष्ट दिसली. या झाडावरचा प्रत्येक जुना घाव गुळगुळीत कापून मलम लावलेला असतो. तिथे मात्र एक फांदी हाताने मोडून काढलेली होती, साल ओरबाडलेली, पेरूची डहाळी मोडावी तशी.

"ताई, हे कुणी केलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांची बोटं कुंडीतल्या शेवाळावर होती. त्यांनी ते दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, आणि हात मागे घेतला. मी पण दाबलं. शेवाळ कोरडं होतं.

"जाऊ दे हुई," त्या म्हणाल्या. "आता कुणाला काही विचारू नकोस."

सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. झाड उघडं पडलेलं बघून त्या रडल्या नव्हत्या, आणि कोरडं शेवाळ बघून रडल्या.

३

कुणाला काही विचारू नकोस म्हटल्यावर मी थेट हुंग-शेठकडे गेले. माझा स्वभावच तसा आहे.

हुंग ज़ुंग-यी म्हणजे आमच्याकडचं बडं प्रस्थ. चार मोठी हरितगृहं, कंटेनर भरून झाडं परदेशी. ते अंगणात मजुरांकडून झाडं गाडीत चढवून घेत होते, गालात सुपारी. मला बघून हसले आणि म्हणाले की चौकशीला आलीस तर चहा पिऊन कर.

चीक एवढा वाळलेला म्हणजे पानं कालच गेली, आणि इतकं नेटकं काम अंधारात होत नाही, म्हणून मी सरळ विचारलं. काल मंगळवार, महिन्याची द्वितीया, सगळा गाव दुपारी तीनपासून सहापर्यंत भूमिदेवाच्या देवळात नैवेद्याला. यिन-ताई माझ्याच शेजारी बसून चहा करत होत्या. हुंग-शेठ मध्येच उठून गेले होते, मी पाहिलं होतं. कुठे गेला होतात?

ते म्हणाले, औषधाची गोळी घ्यायला घरी, अर्ध्या तासात परत. मजुरांना विचार. मी विचारलं. खरं होतं.

अर्ध्या तासात दोन हजार पानं, तीही तशी नेटकी, कापून होत नाहीत. सराईत हाताला दोन तास लागतात. आणि हुंग-शेठनी स्वतः कात्री धरून पंधरा वर्षं झाली, त्यांच्या अंगठ्याचा सांधा गेलाय. त्यांच्या माणसांपैकी कुणी केलं असतं तर साल धुतली नसती.

निघताना ते जरा गंभीर झाले. "हुई, तू मला खलनायक समजतेस. शू-कन माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता, हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलो. पण कात्रीचं काम कात्रीचं म्हणावं. कात्री न लागलेली एक फांदी, त्याच झाडाची, एकच मला दाखव. मी चारचौघांत मान खाली घालीन."

मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्याने माझ्याही मनात किडा वळवळला. आमच्या गावात प्रत्येक वड उन्हाळ्यात उघडा केला जातो, फांद्या दाट व्हाव्यात म्हणून. नवी पानं आपोआप बारीक येतात. शू-कनभाऊंचा वड पानं न उतरवता कसा दिसतो, हे कुणी बघितलं होतं? मी तरी नाही.

परत येताना वाटलं, भाऊ, तुम्ही आम्हाला फसवलंत तर नाही ना?

४

आ-कुन बागेतच होता. बेचाळीस वर्षांचा बाप्या, अठराव्या वर्षी शू-कनभाऊंकडे शिकायला आला तो परत घरी गेलाच नाही. शू-कनभाऊंना उस्ताद म्हणायचा, यिन-ताईंना माई म्हणतो. भाऊ गेल्यावर दोनशे कुंड्या त्यानेच सांभाळल्या. मी त्याला विचारलं, वड पानांसकट शेवटचा कधी बघितलास.

"आज पहाटे पाचला, मावशी. पाणी घालायला आलो तेव्हा पानं होती. मग मी खत आणायला गेलो, तेवढ्यात कुणीतरी..."

"म्हणजे पाच ते सहाच्या मधे?"

"हो."

"आणि काल तू देवळात उशिरा आलास. सहा वाजले होते, नैवेद्य उतरवत होतो आम्ही."

स्कूटर पंक्चर झाली होती म्हणाला. बघत होता जमिनीकडे.

मी त्याला ओट्यापाशी नेलं. अकरा वाजले होते, ऊन चढलेलं. आजूबाजूच्या कुंड्यांतलं शेवाळ हिरवंगार आणि ओलं होतं. वडाच्या कुंडीतलं कोरडं, फिकं. आता मला यिन-ताईंच्या डोळ्यांतलं पाणी कळलं. सकाळी सहालाच त्यांना जे कळलं होतं ते मला अकराला कळलं, याची मला अजून लाज वाटते.

"कुन," मी म्हटलं, "तासाभरापूर्वी कापलेल्या देठाचा चीक बोटाला चिकटतो. हा सकाळी सहालाच वाळून तपकिरी होता. म्हणजे पानं काल संध्याकाळीच गेली. पहाटे पाचला झाड उघडंच होतं."

"मग अंधारात माझं लक्ष गेलं नसेल. मी सवयीने पाणी घालत जातो."

"लक्ष नसतं तर सवयीने याही कुंडीत पाणी पडलं असतं. दोनशे कुंड्या ओल्या आणि ही एकच कोरडी. पानं नसलेल्या झाडाला पाणी घालायचं नाही, मुळं कुजतात, हे तुला भाऊंनी पहिल्या वर्षी शिकवलं. तू तोंडाने माझ्याशी खोटं बोललास रे, पण तुझ्या हाताला ते जमलं नाही."

तो खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. नखांच्या कडेला चिकाचे काळे डाग होते, मी आधी बघायला हवे होते.

 मग जे बोलला ते तुकड्यातुकड्यात. चोवीस वर्षं वर्षातून दोनदा उस्तादांच्या सांगण्यावरून त्यानेच हे झाड उघडं केलं होतं. बैठकीत हुंग-शेठ बोलले तेव्हा त्याला वाटलं, हे तर खरं आहे, कात्री माझ्याच हातात होती. एकदा त्याने उस्तादांना विचारलंही होतं, पानं नाही उतरवली तर केवढी होतील. उस्ताद हसून म्हणाले होते की ते दरवर्षी दिसतं, बघत जा. त्याला वाटलं, टाळतायत.

"डॉक्टरबाई म्हणाल्या असत्या, वर्षभर कात्री लावू नका, मग मोजू. पुढच्या वर्षी पानं बोटाएवढी झाली असती तर? सगळ्यांनी उस्तादांना लबाड म्हटलं असतं, मावशी. मला वाटलं, मोजायला काही उरलं नाही तर अर्ज परत जाईल. गोष्ट संपेल. निदान ते साधे कारागीर म्हणून तरी राहतील."

पानं त्याने टाकली नव्हती. पोत्यात भरून उस्तादांच्या बाकाखाली ठेवली होती, ओल्या फडक्यात.

माझा हात उठला होता त्याला एक ठेवून द्यायला. पण ज्या गोष्टीची शंका त्याला आली तीच तासाभरापूर्वी मलाही आली होती, मग कुठल्या तोंडाने मारणार? चोर सापडला होता. पण चोर सापडून शू-कनभाऊंचं नाव वाचत नव्हतं. पोत्यातली पानं कात्रीच्या झाडाचीच, हुंग-शेठ त्यांना हसले असते.

आणि तेवढ्यात समोर गाडी थांबल्याचा आवाज आला. डॉक्टर वेई दीड तास लवकर आल्या होत्या.

५

बाईंच्या मागोमाग हुंग-शेठ आले, आणि त्यांच्या मागोमाग निम्मी गल्ली. डॉक्टर वेई तिशीच्या, बारीक चष्म्याच्या, हातात दाबलेल्या पानांची जाड वही. बारीक पानांचे जेवढे वड नोंदलेले आहेत त्या सगळ्यांची पानं त्या वहीत होती. त्यांनी उघडं झाड बघितलं आणि वही मिटली. शांतपणे म्हणाल्या, पानं नाहीत तर मी आज काही लिहू शकत नाही. पोत्यातली पानं मी दाखवली. त्यांनी दोन उचलून बघितली आणि मान हलवली. कात्रीनंतरची पानं आहेत, यांच्यावरून जात ठरत नाही. मोकळी वाढलेली, कधी पानं न उतरवलेली फांदी लागेल.

हुंग-शेठनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. बोलायची गरजच नव्हती.

मी वडाच्या मागे गेले. ती ओरबाडलेली जागा मला सकाळपासून छळत होती. इतक्या जपणुकीने कापणारा आ-कुन, त्याने ही मोडली नसणार. मी डोळे जवळ नेले. घाव सुकून काळा पडला होता, आणि त्याच्या खालून दोन कोंब फुटले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. या उकाड्यात एवढा कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात.

चार आठवड्यांपूर्वी काय होतं? काल सहाव्या महिन्याची द्वितीया. चार आठवडे मागे मोजा.

मला एकदम केसांत अडकलेली ती वाळकी जुडी आठवली.

"ताई," मी म्हटलं, "पंचमीला दारावर लावायची वडाची फांदी तुम्ही बाजारातून आणता का?"

यिन-ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र विचारलंय. "बाजारातून? हे असताना कधी आणली नाही, आता आणेन? या झाडाचीच. सणानंतर झाड उघडं करून पुन्हा हिरवं झालं की मागच्या बाजूची एक नवी डहाळी मी धरते, तिला लाल दोरा बांधते, यंदाची अजून धरायची आहे. वर्षभर ती देवाची. तिला लोखंड लावायचं नाही. पंचमीच्या सकाळी हाताने मोडायची."

"वर्षभर कुणी कात्री लावत नाही?"

"देवाच्या फांदीला कोण लावेल?"

आ-कुनने मान वर केली. त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. चोवीस वर्षं तो त्या लाल दोऱ्याला वळसा घालून कात्री चालवत आला होता. ती माईंची, देवाची. त्याने तिला कधी झाडाची फांदी म्हणून बघितलंच नव्हतं. आणि त्याला एकट्याला का नावं ठेवू? मी या बागेत रोज येते. त्या सकाळी तर ती माझ्या केसांत अडकली होती. सणाची जुडी म्हणजे सणाची जुडी, तिची पानं मोजायची असतात हे कुणाच्या मनात येईल? दरवर्षी दिसतं ते, बघत जा. भाऊ टाळत नव्हते हो. सरळ उत्तर देत होते.

मी स्टुलावर चढून जुडी उतरवली. लाल कागद सोडला. वेखंड आणि रानदवणा बाजूला केला. उरली ती वडाची फांदी, दीड वीत लांब, आणि टोकापासून बुडापर्यंत पानं. नखाएवढी.

मागचे टाचा उंचावून बघू लागले.

हुंग-शेठ पुढे आले. फांदी हातात घेतली नाही, वाकून बघितली. म्हणाले की वाळून आक्रसली असतील. प्रश्न रास्त होता, म्हणून मला तो आवडला, कारण उत्तर माझ्याकडे होतं. मी रस्ता ओलांडून माझ्या दुकानाच्या दारावरची जुडी काढून आणली. तीही वडाचीच, बाजारातली, सणाच्या त्याच सकाळी लावलेली, त्याच उन्हात तेवढीच वाळलेली. दोन्ही फांद्या शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या फांदीची पानं बोटाएवढी होती, वाळूनसुद्धा.

"आणि कात्री लागली नाही कशावरून?" कुणीतरी मागून म्हणालं.

ते डॉक्टरबाईंनी सांगितलं. पान उतरवलं की त्याच्या बेचक्यातला डोळा जागा होतो आणि तिथून फाटा फुटतो. ही फांदी सरळसोट होती, एकही फाटा नाही, आणि प्रत्येक पेरावर तिचं पहिलं पान जसंच्या तसं. मी पुढे म्हटलं की सालीवर तारेचा वळही नाही, आणि तारेबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये. कुणी घातला नाही.

डॉक्टरबाईंनी वही उघडली. एकेक नोंदलेली जात शेजारी धरून बघू लागल्या. एकीचं पान भोपळ्याच्या बीसारखं टोकदार. हे टोकदार नव्हतं. एकीचं गोल आणि जाड. हे पातळ. एकीची पानं बारीक पण विरळ, इथे दोन पेरांमध्ये तांदळाचा दाणा जेमतेम मावेल. या पानाचा आकार देठाकडे निमुळता आणि टोकाकडे रुंद, आणि टोकाला अगदी बारीकशी खाच. अशी खाच वहीत कुठल्याच पानाला नव्हती. त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून आल्या. मग त्यांनी पेन काढलं आणि म्हणाल्या, मोजमाप लिहून घ्यावं लागेल, कुणीतरी वाचून दाखवा.

यिन-ताई उभ्या राहिल्या. मोजपट्टी घेतली आणि आ-कुनच्या हातात दिली.

"तू वाच."

"माई, मी..."

"काल पानं तूच कापलीस हे मला सकाळीच कळलं. रोज पाणी घालणारा माणूस एकच कुंडी कोरडी ठेवतो तेव्हा कळतं." त्या सगळ्यांसमोर बोलत होत्या, आवाज चढवलेला नव्हता. "मी कुणाला सांगितलं नाही. तुझं तू सांगशील म्हणून थांबले. आता वाच. मोठ्याने वाच, मागे उभे आहेत त्यांनाही ऐकू जाऊ दे."

त्याने टोकाकडच्या पहिल्या पानाला पट्टी लावली. वाचलं ते जेमतेम ऐकू आलं. सतरा. डॉक्टरबाईंनी लिहिलं, सतरा मिलिमीटर. सोळा. सतरा. अठरा. सतरा. त्याच्या गालांवरून धार लागली होती आणि तो वाचत होता, आणि प्रत्येक आकड्याला त्याचा आवाज चढत गेला. एकविसाव्या पानापर्यंत तो जवळजवळ ओरडत होता. अठराच्या वर एकही पान गेलं नाही. मी पण रडत होते, सांगायला लाज कसली.

डॉक्टरबाई म्हणाल्या की पुढच्या वर्षी त्या पुन्हा येतील, मोकळी फांदी झाडावरच बघतील, तेव्हा नोंद पक्की होईल. पण आज एवढं नक्की लिहिता येतं की हा वड त्यांच्या वहीतल्या कुठल्याच वडासारखा नाही, आणि याची पानं जन्मतःच बारीक आहेत. मग विचारलं, नाव काय लिहू?

 यिन-ताईंनी हुंग-शेठकडे बघितलं.

हुंग-शेठनी सुपारी थुंकली, तोंड पुसलं. चारचौघांत म्हणाले होते, चारचौघांतच केलं. दोन्ही हात जोडून त्या उघड्या वडासमोर कमरेतून वाकले, आणि वाकलेले असतानाच म्हणाले, "शू-कन. लिहा, शू-कन."

पाच आठवड्यांनी वड पुन्हा हिरवा झाला. आ-कुनने मागच्या बाजूच्या दोन डहाळ्यांना लाल दोरा बांधला. मी विचारलं, दोन कशाला, माईंना एक पुरते. तो म्हणाला, एक मोडायची आणि एक डॉक्टरबाईंसाठी झाडावर ठेवायची.

पुढच्या पंचमीला सकाळी मी दुकान उघडत होते तेव्हा हुंग-शेठ यिन-ताईंच्या दाराशी उभे दिसले. गाडी नाही, मजूर नाहीत, चालत आलेले. आपल्या चार हरितगृहांत हजारो वड असलेला माणूस दाराला लावायला फांदी मागायला आला होता. यिन-ताई बाहेर आल्या. दाराच्या जुडीतून त्यांनी आपल्या फांदीचा अर्धा भाग हाताने मोडला, लाल कागदात गुंडाळला आणि त्यांना दिला. हुंग-शेठनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि जाताना माझ्या दुकानावरून मुद्दाम सावकाश गेले, मला दिसावं म्हणून.

उरलेल्या अर्ध्यातला एक तुकडा माझ्या दारावर आहे. गिऱ्हाईक विचारतं, हा कुठला वड. मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि नाव सांगते.